व्याह्यांनी गाणी पुसली नाहीत

आमच्या व्याह्यांइतका चिकट आणि तितकाच निर्दोष मनुष्य किहीमपासून बोर्ली पंचतनपर्यंत दुसरा नाही. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी माझ्या ओटीवर यावे, मी वादाला मोकळाच बसलेला असतो. माझ्या सुनेचे हे वडील मुंबईत संगणकीय शोधयंत्रांवर काम करून निवृत्त झाले आणि व्याख्येवाचून पाणीही पिईनासे झाले. थळच्या कोळणीला त्यांनी विचारले, "ताजी म्हणजे नेमकी कधीपासून ताजी?" ती कडाडली, "काका, मासली घ्याला आलाव का सोयरीक जमवाला?" लग्नात भटजींनी गोत्र विचारताच यांचा प्रतिप्रश्न, "या रकान्यात एकच उत्तर बसते की अनेक?" मुहूर्त थोडक्यात वाचला.

अशा माणसाकडे आमच्या वाचनालयाने म्हाताऱ्या बायांच्या लग्नगीतांची ध्वनिमुद्रणे सोपवली. संगणकात गाव टाकले की गाणे सापडावे. पण 'गाव' या रकान्यात एकच नाव मावे, आणि समितीने सगळीकडे सासरचे घातलेले! व्याही उसळले, "बाई गाणे शिकते माहेरी, आणि माहेरच्यांनी शोधले तर ती नाहीच?" त्यांनी रकान्याची व्याख्या बदलली: गावे दोन. अशा बदलानंतर यंत्राला प्रत्येक नोंद वाचून सूची नव्याने बांधावी लागते. तोवर शोध रिकामा येतो. तसे त्यांनी फळ्यावर लिहिलेही होते. नेमके त्याच दुपारी वाचनालयाचे अध्यक्ष पाहुणे घेऊन आले, आणि पडद्यावर 'काही सापडले नाही'.

तेव्हापासून गावभर एकच कथा: व्याह्यांनी गाणी पुसली. साफ खोटे! मी तेथे होतो. एकही गाणे जागचे हलले नव्हते. अध्यक्षांनी खोलीची चावी हिसकावली आणि जुनी व्याख्या परत बसवण्याचा हुकूम सोडला. व्याही म्हणाले, "चावी ठेवा, पण यंत्र मध्येच थांबवू नका." मग मीच संगणकापुढे ठाण मांडले. "आधी मला उचला!" ऐंशीच्या म्हाताऱ्याला हात लावायला कोणी धजेना. दिवेलागणीला सूची पूर्ण झाली.

पुढे बोर्लीचे एक वृद्ध आले. त्यांनी स्वतःचे गाव टाकले, आणि किहीमला दिलेली, आता हयात नसलेली त्यांची बहीण गाऊ लागली. डोळे पुसत त्यांनी विचारले, "हे कोणी केले?" अध्यक्ष उत्तरले, "समितीने." मी तोंड उघडणार, तोच चावी गेल्यापासून उंबरठ्याबाहेरच थांबणाऱ्या व्याह्यांनी दारातून मला खुणेने गप्प केले. "राहू द्या. गायिले कोणी, हा रकाना आहे. सूची कोणी बांधली, हा मी ठेवलेलाच नाही."

गाणे संपेपर्यंत ते बाहेर पायरीवर उभे राहिले, मग एस.टी.कडे निघून गेले. आत या, असे त्यांना कोणी म्हटले नाही.