भिंतीत गेलेला नळ

ब्लागोया रोज सकाळी कामाला लागण्याआधी डोळे मिटून, उंचसखल चाचपत भिंतीवरून तळवा फिरवायचा. बायकोनं, वेलिकानं, एकदा ते पाहिलं आणि म्हणाली, “माझ्या पाठीवरून कधी इतक्या मायेनं हात फिरला नाही तुझा.”

“तुझ्या पाठीला पोक नाही. शोधू काय?”

पोर्ट केम्बला या बंदरगावातल्या कितीतरी न्हाणीघरांत त्यानं बसवलेल्या टाइल्स होत्या, आणि त्यांतली एकही भिंत ओळंब्याला खोटी ठरली नव्हती. प्लंबिंगला मात्र तो शिवत नसे. पाइप जोडायचं काम परवाना असलेल्या प्लंबरनंच करायचं, असा कायदाच आहे. पण ब्लागोयानं त्याच्याही पुढे जाऊन ठरवलं होतं की त्यातलं काही समजूनच घ्यायचं नाही. त्याचा जोडीदार प्लंबर डेस चहाच्या वेळी छेडायचा, “थोडं शिकून घे, म्हाताऱ्या. नळ आतून कसा असतो, एवढं तरी.”

“मी तुझ्या पाइपात डोकं घालत नाही, तू माझ्या ओल्या टाइल्सवर पाय देऊ नकोस.”

मग नोलीनबाईंच्या न्हाणीघराचं काम आलं. नवऱ्याचा, मर्व्हिनचा, एक पाय कापावा लागला होता आणि शुक्रवारी तो हॉस्पिटलातून घरी यायचा होता. अंगाला ओल्या फडक्याशिवाय पाणी लागून त्याला किती आठवडे झाले होते. त्यानं एकच निरोप धाडला होता: घरात शिरल्याबरोबर अंघोळ, तीही स्वतःच्या हातानं.

डेसनं भिंतीत पाइप आणि नळ बसवले आणि तो दुसऱ्या कामावर गेला. ब्लागोयाच्या तळव्याला भिंतीचं पोट लागलं. लाकडी घर, समुद्राकडे जरासं कललेलं. त्यानं आत गेलेल्या, नळांच्या बाजूला अंगठाभर गिलावा चढवला, वर टाइल्स लावल्या. भिंत आरशासारखी झाली.

गुरुवारी डेस नळाच्या मुठी बसवायला आला आणि टाइलवरून बोट फिरवत नळ शोधू लागला.

“ब्लागो, नळ कुठं ठेवलास?”

“तू ठेवलास तिथंच.”

“मी भिंतीत ठेवला होता. तू शेजाऱ्यांकडे पोचवलास.”

नळाची दांडी टाइलच्या आत बुडाली होती. मूठ नुसतीच गरगर फिरत होती. दारात नोलीनबाई उभ्या होत्या. “उद्या होईल ना रे?”

ब्लागोयानं छिन्नी उचलली. फोडलं तर नवा गिलावा वाळेपर्यंत शुक्रवार हातचा जाणार होता. “फोडतो,” तो म्हणाला. स्वतःच्या भिंतीबद्दल हा शब्द त्यानं कधी उच्चारला नव्हता.

“आधी बस,” डेसनं बादली पालथी घातली, एक जुना नळ खोलून त्याच्या हातात दिला. ही दांडी, हा वायसर, इथं पाणी अडतं. गरम नेहमी डावीकडे, थंड उजवीकडे. टाइल लागल्यावर दांडी बोटाच्या पेराएवढी बाहेर दिसायला हवी. जाडीचा हिशोब होता, ब्लागोयाला लगेच उमगला.

“म्हणजे गिलाव्याआधी मी तुला फोन केला असता, तर?”

“पाइप पुढे घेतले असते. चहा निवायच्या आत.”

ब्लागोया दांडी बोटांत फिरवत राहिला. “हीच लांब करता येत नाही?”

“येते. पितळी जोड मिळतो, गाडीत आहे माझ्या.”

“मग इतका वेळ बोलला का नाहीस, लेका?”

“तू विचारतोस का, ते बघत होतो. शनिवारी गॅरेजात ये. हात कशाला लावायचा नाही, बघायचं फक्त.”

“शनिवारी मी घरी नसणार, हे वेलिकाला सांग तूच,” ब्लागोया म्हणाला आणि छिन्नी पिशवीत टाकली.

शुक्रवारी मर्व्हिन चाकांची खुर्ची थेट न्हाणीघरात घेऊन गेला आणि दार लावून घेतलं. बाहेर तिघं उभे होते. नोलीनबाई टॉवेलाची घडी घालत होत्या, मोडत होत्या. आतून आवाज आला, “गरम पाणी कुठल्या बाजूला?”

ब्लागोयानं डेसकडे पाहिलं. डेस खिडकीबाहेर बघत होता.

“डावीकडे,” ब्लागोया दाराशी जाऊन म्हणाला. “पण आधी थंड सोड, मर्व्हिन. मग गरम, हळूहळू.”