एम.ए.चा पट्टा

डिग्री मिळाली की गाऊन घालून फोटो काढायचा, हा तेव्हा इंदुरात रिवाजच होता. प्रत्येक डिग्रीला गाऊनवरच्या पट्ट्याचा रंग वेगळा. मी बी.ए. होऊन सियागंजाजवळच्या स्टुडिओत गेलो, तेव्हा काळी टोपी घातलेले एक गृहस्थ आधीच बसले होते. मांडीवरचा मुलाचा फोटो ते सारखे धोतराच्या सोग्यानं पुसत होते. मुलगा इंटर पास झाला आणि टायफॉइडनं गेला. फोटोतल्या त्याच्या सदऱ्यावर त्यांना गाऊन रंगवून हवा होता.

फोटोग्राफर हळहळला. "बाबूजी, रंगवायचाच आहे तर एम.ए.चा पट्टा टाकतो ना. दाम वही लगेगा."

"नाही भिया," ते शांतपणे म्हणाले, "इंटरला दोनच वर्षं झालीत. आत्ता कुठे बी.ए. होतोय. एम.ए. इतक्यात कसा होईल तो?"

पुढे एम.ए. होऊन मी पुन्हा तिथे गेलो. तेच गृहस्थ, तीच टोपी. टेबलावर फोटोतला नवा पट्टा वाळत होता.

"अरे वा, तुम्हीपण झालात का?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. फोटोतला चेहरा अजून इंटरचाच होता.