लेकीच्या गाडीचा पट्टा

आमच्या ह्यांना शर्यतीच्या मैदानावर सगळे तराजूकाका म्हणतात. घरात मी काय काय म्हणते ते इथे सांगण्यासारखं नाही. पोटापाण्यासाठी पाण्याचे पंप दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशी हौशी लोकांच्या शर्यतीत गाड्यांची ताकद तपासायची, हा ह्यांचा उद्योग. तोही फुकट. वर चहासुद्धा घरून थर्मासमध्ये न्यायचा, कारण कुणाचा चहा प्यायला तर तो उद्या म्हणेल, काका काय, आपलेच आहेत.

ह्या शर्यतीत सगळ्यांनी एकाच बनावटीची, तीच जुनी छोटी गाडी आणायची. म्हणजे जिंकेल तो चालवण्याच्या जोरावर. पण इंजिनं म्हणजे सख्खी भावंडं. एका घरातली असली तरी एक धट्टंकट्टं निघतं, दुसरं तोळामासा. म्हणून ताकदीला मर्यादा घातलेली. गाडीची पुढची चाकं लोखंडी रोलरवर चढवायची, गाडी जागच्या जागी पळवायची आणि पडद्यावर आकडा बघायचा. आकडा मर्यादेच्या वर गेला की इंजिन जिथून हवा ओढतं तिथे हे एक चकती बसवतात, मध्ये लहानसं भोक असलेली. हवा कमी मिळाली की जोर कमी. चकत्या ह्यांनीच कापलेल्या, भोकंही ह्यांनीच पाडलेली. ज्याला चकती लागते तो पुढे कितीतरी दिवस ह्यांच्या नावाने बोटं मोडतो आणि हे आपले ढिम्म.

रोलरवरून गाडी सुटू नये म्हणून तिला जाड पट्ट्यांनी जमिनीला बांधतात. मागे एकदा पट्टा निसटून एक गाडी समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली होती. चालवणारा लंगडत घरी गेला आणि ह्यांनी घरी येऊन ताटाला हात लावला नाही. तेव्हापासून पट्टे हे स्वतः बांधतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

आमची लेकही ह्याच शर्यतीत उतरते. तिला सगळे भिंगरी म्हणतात. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना ‘आता खालची ओळ वाचा’ म्हणणारी ही मुलगी वळणावर अशी शिरते की माझे डोळे आपोआप मिटतात. यंदा सुरुवातीच्या तपासणीत तिची गाडी मर्यादेत भरली, चकती लागली नाही, आणि ती जी सुटली ती जिंकतच सुटली. दर वेळी तिच्या मागे दुसरा येणार बेकरीवाला. आता एकच शर्यत उरली होती. हंगामभराच्या गुणांवर मिळणारा करंडक जवळजवळ घरात आलाच होता. मी तर कपाटावरची फुलदाणी हलवून त्याला जागा करून ठेवली होती.

शेवटच्या शर्यतीआधी सकाळी सगळ्या गाड्यांची पुन्हा तपासणी होते. नेमका ह्यांचा खांदा धरला होता, हात काही केल्या वर जाईना. म्हणून पट्टे बांधायला एक गॅरेजवाला आला. बाकीच्यांचं झालं, भिंगरीची पाळी आली. ती आत बसली, तिने गाडी पळवली आणि आकडा मर्यादेच्या चांगलाच वर गेला.

ह्यांनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“इंजिन उघडलंस?”

मी कुंपणाशी उभी होते, मला स्वच्छ ऐकू आलं. मलाच काय, सगळ्यांनाच आलं.

“नाही, बाबा.”

“मग कुणाकडून उघडवून घेतलंस?”

ती स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पत्ते खेळताना समोरच्याची पानं चुकून दिसली तर सांगून टाकणारी पोर ती, आणि तिला हा माणूस चारचौघांत चोर ठरवतोय.

इंजिन कुणी खोलू नये म्हणून त्याला तार ओवून सील लावलेलं असतं. ह्यांनी बॅटरी घेऊन एकूण एक सील बघितलं. एकही तुटलेलं नव्हतं. मग हे गाडीभोवती नुसते फिरत राहिले. फिरता फिरता एका पट्ट्यावर हात ठेवला आणि दाबून बघितला.

“हा सैल आहे,” ते गॅरेजवाल्याला म्हणाले.

“सैल कसला? सगळ्यांचा बांधला तसाच बांधलाय.”

तिथेच तर गोम होती. इतरांच्या गाड्या हे नीट, बेतानेच बांधायचे. लेक आत बसली की मात्र ह्यांचा हात थांबायचा नाही. आणखी एक ओढ, आणखी एक ओढ. पट्टा फार आवळला की टायर रोलरवर चेपतो, चाकाला फिरायला जड जातं आणि आकडा खाली दिसतो. हे काय ह्यांना ठाऊक नव्हतं? दुसऱ्यांना हेच बजावायचे. पण स्वतःचा हात काय करतोय ते ह्यांना कधी कळलंच नाही. गॅरेजवाल्याकडून त्यांनी पट्टा करकचून आवळून घेतला, आकडा मर्यादेत आला. पुन्हा इतरांसारखा बांधायला लावला, आकडा वर गेला. म्हणजे चकती लागायला हवी होती अशा गाडीने आमची पोरगी सगळा हंगाम जिंकत आली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

बेकरीवाला भला माणूस. तो म्हणाला, “काका, तुमचा हात चुकला, तिचं काय चुकलं? आजपासून चकती लावा, झालं गेलं सोडून द्या.” क्लबच्या अध्यक्षबाईंनीही मान डोलावली. मी म्हटलं, चला, सुटलो. पण हे कुठले ऐकायला!

“जास्त ताकदीची गाडी धावली,” हे म्हणाले. “तिचे यंदाचे सगळे गुण रद्द करा. आणि पुढच्या वर्षी तपासणीला दुसरा माणूस बघा.”

मी तरातरा कुंपणाच्या आत गेले. “आधी तिला चोर म्हणालात. ती चोर नाही हे कळलं, तरी शिक्षा तिलाच?”

हे मान खाली घालून चकती बसवत होते. एका हाताने कसली बसतेय ती, स्क्रू सारखा खाली पडत होता. शेवटी भिंगरी गाडीतून उतरली, स्क्रू उचलला आणि तिनेच तो फिरवून घट्ट केला.

शर्यतीत ती कुठेतरी मधल्या गाड्यांत आली. करंडक बेकरीवाल्याला मिळाला. बिचाऱ्याने तो उंचावून दाखवलासुद्धा नाही. भिंगरीने मनापासून टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या माणसाचा असा राग आला की विचारू नका, आणि त्याचा काडीचा दोष नव्हता.

परतताना भिंगरी चालवत होती, हे तिच्या शेजारी, मी मागे. अर्ध्या वाटेत हे म्हणाले, “पट्ट्याचं माझं चुकलं, बाळा. तुझं सगळं वर्ष वाया घालवलं मी.”

“पट्ट्याचं काही नाही, बाबा,” ती म्हणाली. “मला काही होऊ नये म्हणून आवळलात. गुण गेले ते बरोबरच झालं. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.”

तिने गिअर बदलला.

“पण आकडा वर गेला तेव्हा तुम्ही मशीन तपासलं नाहीत, पट्टा तपासला नाहीत. आधी माझ्याकडे बघितलंत.”

ह्यांना सुनवायला मी वाटभर किती काय काय जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर माझ्या तोंडून फुटलं नाही. हे खिडकीकडे तोंड करून रडत होते. ते तिला दिसत होतं, पण तिने गाडी थांबवली नाही.