शेंदराखालचा माणूस

रावेतच्या जुन्या गावठाणातली विजयश्री आपल्या लेकीला घरीच शिकवते. ते तिनं हौसेनं केलेलं नाही. सायली बोलताना अडखळायची. वर्गातली पोरं तिची नक्कल करायची, आणि चौथीत असताना पोरीनं बोलणंच टाकलं. घरातही नुसती मान हलवायची. विजयश्रीनं तिचं नाव शाळेतून काढलं. मग हळूहळू, उन्हाळ्यात आटलेल्या झऱ्याला पाझर फुटावा तशी, पोरगी बोलू लागली.

सासरे मारुतराव तेव्हाच म्हणाले होते, "शिकव. पन देवाधर्माला धक्का लागला, तर पोरगी पुन्ना शाळंत. मंग रडायचं न्हाई." नवरा रणजीत चाकणच्या कंपनीत कामाला. बापापुढे त्याचा शब्द फुटत नाही.

गणित, भाषा निभावून गेलं. इतिहासाशी येऊन विजयश्री अडली. घरी शिकवणाऱ्या आयांच्या मोबाइलवरच्या गटानं दोन पुस्तकं सुचवली होती. पहिल्यात देवांचे चमत्कार आणि राजांच्या लढाया एकाच दोऱ्यात ओवलेल्या. दुसरं कुठल्याच धर्माची बाजू घेत नव्हतं. ते सारखं एकच विचारायचं, हे आपल्याला कशावरून कळलं? विजयश्रीनं दोन्ही मागवली. पहिलं टीव्हीजवळ सासऱ्यांना दिसेल असं ठेवलं, दुसरं गादीखाली. शिकवायची ती गादीखालचं. दारात चप्पल वाजली की ते पटकन परत आत सरकवायची.

त्या पुस्तकात एका धड्याखाली काम दिलं होतं : गावातली जुनी वस्तू शोधा आणि नीट बघा.

शुक्रवारी दुपारी सायली लालभडक हातांनी घरी आली. विजयश्रीला ते रक्तच वाटलं.

"आई, म्हसोबा मा-माणूस आहे."

"काय केलंस तू?"

"करवंटीनं खरवडलं. खाली चित्रं आहेत."

जमिनी विकल्या, उंच इमारती उठल्या, तरी भावकीनं म्हसोबाच्या दगडापुरती जागा राखली होती. पिढ्यानपिढ्यांचा शेंदूर त्यावर भाकरीसारखा जाड बसलेला. ती खोळ आपणहून गळाली, तर देवाची मर्जी मानायची. हातानं कुणी काढायची नाही. आणि उद्या शनिवार. मारुतराव तेल घेऊन जाणार, सगळी भावकी नारळ फोडायला येणार.

तिनं वाटीत शेंदूर आणि तेल कालवलं, पोरीचा हात धरला आणि पदराआड वाटी झाकून निघाली. वाटेत जो भेटेल त्याला सगळं कळलंय, असंच तिला वाटत होतं.

दगडापाशी बसली आणि तिची बोटं वाटीतच राहिली. खाली गाई होत्या, त्यांच्या पायाशी पडलेला एक माणूस. वरच्या पट्टीत दोन बाया त्याला धरून वर नेत होत्या. सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसला होता. गाई राखताना मेलेला कुणीतरी.

"बघितलंस?" सायली कुजबुजली.

"काय बघायचंय?" पाठीमागून मारुतराव म्हणाले.

विजयश्री उठली नाही. म्हातारा वाकला, उघड्या दगडाकडे बघत राहिला. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

"कुनी केलं?"

"मी, आबा." सायली अडखळली नाही.

मारुतरावांनी माणसाच्या दगडी कपाळावर अंगठा टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. इकडं तिकडं पाहिलं. आवाज खाली आणला.

"भावकी फाडून खाईल. ऐका, उद्या मी सांगनार, खोळ आपसूक पडली. कुनी त्वांड उघडायचं न्हाई. आन् पोरे, तुला इचारलं तर तूबी त्येच सांगायचं."

सायलीनं आईकडे पाहिलं. "पण तसं झालं नाही ना?"

एवढा सोपा रस्ता समोर होता. पोरगी घरी राहिली असती, पुस्तक गादीखाली राहिलं असतं. पोरीला उद्या पुन्हा गप्प राहायला सांगायचं? तेही आपणच?

"आबा," विजयश्री म्हणाली. "तिला कुणी विचारलं तर ती खरं तेच सांगेल."

"आन् भावकीतले हिला शाळंत धाडा म्हनले तर?"

तिनं वाटी खाली ठेवली.

मारुतराव वळले. "उद्या भावकीपुढं पोरीचा हात सोडू नगंस," एवढंच म्हणाले आणि घराकडे चालू लागले.

विजयश्रीनं सायलीचा हात धरला. तो कोरडा होता. घाम तिच्या स्वतःच्या हाताला सुटला होता.