क्लोरीनकाकूंचं नाक

क्लोरीनकाकू आमच्या घरात शिरायच्या त्या आधी नाकानं, मग पायानं. "काय गं, फिनेल बदललंस वाटतं?" असं दारातूनच आईला विचारायच्या, आणि ते बदललेलं असायचंच! चंदीगडच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या मागच्याच घरात त्या राहायच्या; मधे फक्त परसातली कमरेएवढी भिंत. एका सरकारी प्रयोगशाळेत त्या रसायनं तपासायच्या. मूळच्या कोल्हापूरच्या, त्यामुळे बाई असूनही "मी जातो, मी बघतो" असं बोलणं. क्लोरीनकाकू हे नाव आम्हा मराठी पोरांनी ठेवलेलं. त्यांना ते कळलं तेव्हा रागावण्याऐवजी त्या खूशच झाल्या.

होणारच! क्लोरीनच्या कुळावर त्यांचा भारी जीव. "काय गुणी घराणं आहे ऐक की! ट्रान्सफॉर्मरमध्ये घाला, पेटत नाही. रंगात घाला, रंग टिकतोय. शेतात मारा, कीड साफ. ना सडतंय, ना कुजतंय!" हे सांगताना डोळे असे चमकायचे, की भाचीचा दहावीचा निकालच सांगतायत. मग आवाज एकदम खाली यायचा. "गुणी आहे म्हणूनच घात करतंय. आपली तीन वर्षांनी बदली होते, याची बदलीच होत नाही बघ. मातीत गेलं की मातीत, चरबीत गेलं की तिथंच बिऱ्हाड." आणि चहा मागायच्या.

दिवस दहशतवादाचे होते. बसमध्ये बेवारशी ट्रान्झिस्टर दिसला तरी बॉम्ब समजून लोक उड्या टाकायचे. एकदा सेक्टर १७ जवळच्या नाक्यावर बस थांबवून शिपायानं काकूंची पिशवी उघडली. आत कापसात गुंडाळलेल्या बाटल्या! "बीबीजी, इसमें क्या है?" काकूंना खोटं बोलणं जमायचंच नाही. "जहर है, भाईसाब." झालं! शिट्ट्या काय, पळापळ काय, बस क्षणात रिकामी. आणि या मध्ये उभ्या राहून शिपायाला धीर देतायत, "डरिए मत, ये धीरे-धीरे मारता है!" शेवटी त्यांच्या साहेबांचा फोन आला तेव्हा सुटल्या. घरी येऊन म्हणाल्या, "बेवारशी ट्रान्झिस्टरला घाबरतात, आणि घरच्या डब्यात काय घालतात ते बघत नाहीत."

तो डबा आमच्याच घरात निघेल असं कुणाला वाटलं होतं!

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कर्फ्यूची कुणकुण लागताच आईनं मनीमाजऱ्याच्या बाजारातून पोतीच्या पोती गहू आणवले, कोठी गच्च भरली आणि दुकानदारानं दिलेली पांढरी पावडर गव्हाला चोळली. "कीड नहीं लगेगी, पक्का," असं तो म्हणाला होता. दुसऱ्याच दिवशी कर्फ्यू लागला. सकाळी काकू विरजण मागायला भिंतीवरून वाकल्या आणि तिथेच थबकल्या.

"हा कुबट वास कसला?" म्हणत, पदर खोचून, त्यांनी चक्क भिंतीवर टांग टाकली की हो! पन्नाशीची बाई! तडक कोठीपाशी. मूठभर गहू नाकाशी नेले आणि चेहराच पडला. "हे आपल्या क्लोरीनच्या कुळातलं. दळलेस का यातले?"

"अजून नाही," आई म्हणाली. "धुऊन घेईन की."

"पाण्याला दाद देत नाही ते! तुपातेलात मुरतं, चरबीत मुरतं, दुधात उतरतं. ही पोर खाणार, आणि बाळ हिच्याच अंगावर पिणार."

ताईचा हात पोटावर गेला. घरात दुसरं धान्य नाही, दुकानं बंद, आणि ताईचे दिवस भरत आलेले. "मग गाईला घालू का?" आई रडवेली होऊन म्हणाली. खराब झालेलं अन्न गाईला, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

"आणि दूध कुणाचं पिणार?" काकू कडाडल्या. "गाईला नाही, पाखरांना नाही, नाल्यात तर नाहीच नाही. याला फेकायला जागाच नाही, हेच तर रडगाणं आहे!" मग आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "झाकण लाव घट्ट. कर्फ्यू उठला की लॅबची गाडी आणतो. आणि डोळे पूस बघू. माझ्याकडं एरंडेल लावलेले गहू आहेत की!"

आणि भिंतीवरून गहू येऊ लागले! काकू पातेली भरभरून देतायत, मी झेलतेय, बाबा पिंपात ओततायत, सगळ्यांचे हात एरंडेलानं चिकट, आणि बाहेर रस्त्यावर पोलिसांची जीप ओरडतेय, घरात बसा म्हणून. काय गंमत आली होती सांगू! "काकू, तुम्ही काय खाणार?" ताईनं विचारलं. "भात! आणि तुझ्या आईचं डोकं!" काकू पलीकडून ओरडल्या. तेव्हा कुठे आई हसली.

ताईला मुलगी झाली. बाळाला घेऊन ती सासरी निघायच्या आत काकूंच्याच बदलीची ऑर्डर आली. स्टेशनवर गाडी लागलेली, सामान चढलेलं, आणि ताईनं बाळ त्यांच्या हातात दिलं. "थोडंफार ते विष आपल्या सगळ्यांत असतंच गं," काकू म्हणाल्या, "हिच्यातही असणार. मी काही देव नव्हे." मग वाकून त्यांनी बाळाच्या टाळूचा वास घेतला. किती वेळ घेतला!

"नुसत्या दुधाचा येतोय," असं म्हणाल्या, आणि ते नाक पार चोंदेपर्यंत रडल्या.