वाघिणीची वाटणी

रिठदच्या शिवारात शालिग्रामचं घर गावापासून इतकं लांब होतं की गावातली कुत्री भुंकली तर ती कोणावर भुंकताहेत हे कळायचं नाही, नुसतं भुंकताहेत एवढंच कळायचं. बायको गोजराबाई तापानं गेली, लेकरू झालं नव्हतं, आणि दुसरं लग्न कर म्हणणारी माणसंही सांगून सांगून थकली. मग शालिग्राम बैलांशी बोलू लागला. म्हणायचा, बैल बरे, मधे तोंड घालत नाहीत.

पण पौष लागला की या घराचं रूप पालटायचं. सकाळीच तो ओटा सारवायचा, घोंगडी झटकायचा, तंबाखू चुरून ठेवायचा, आणि शेतात हुरड्याची आगटी पेटवून रस्त्याकडे डोळे लावून बसायचा. कारण या दिवसांत माणसं यायची. कोणी शिरपूरकडून, कोणी पार मानोऱ्याच्या तांड्यांवरून. शालिग्रामला भेटायला नव्हे हो. वाघिणीला भेटायला.

वाघीण म्हणजे पटाचा छकडा. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं, वाशीमला एखादी मोटार आली की लोक तिच्या धुरामागे धावत. पण शर्यत म्हटली की आमच्या भागात एकच, शंकरपट. बैलांची जोडी, मागे दोन चाकांचा हलका छकडा, त्यावर तो हाकणारा एक धुरकरी, आणि पुढे सरळ रान. वाघिणीवर पिवळ्या रंगावर काळे पट्टे ओढले होते म्हणून ती वाघीण. तिनं त्या मुलखातले एवढे पट मारले, की तिच्या चाकाला हात लावून आपल्या छकड्याला लावला तर गुण येतो अशी लोकांची समजूत झाली. माणसं यायची, चाकाला हात लावायची, हुरडा खायची, जुने पट पुन्हा एकदा पळवायची आणि निघून जायची. शालिग्रामचं सगळं वर्ष त्या काही दिवसांवर काढलेलं असायचं.

तर त्या साली पहिला पाहुणा आला तो रामधन. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, पटाचा मोठा शौकीन. हुरड्याची मूठ भरता भरता तो सहज म्हणाला, "काका, वाघीण नक्की कोणती गा? गावात तं सांगून राह्यले, असली वाघीण जगदेवभाऊच्या घरी हाय म्हणून."

शालिग्रामचा हात आगटीवरच थांबला. "कोण सांगते?"

"सारेच. बबनरावनं बाहेर काढली, रंगवली. लोक पाह्याले जाऊन राह्यले तिकडं. मी म्हटलं, आपुन आधी जुन्या ठिकानी जाऊ."

त्या दिवशी दुसरं कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हुरडा बैलांनी खाल्ला.

आता यातली गोम सांगायला थोडं मागं जावं लागतं. जगदेव हा शालिग्रामचा थोरला भाऊ. दोघांनी मिळून वाघीण उभी केली. माय मेली आणि दोन चुली झाल्या तेव्हा वाटणी ठरली. आपल्याकडे रीत अशी, की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरला लबाडी करू शकत नाही. जगदेवनं वावर वाटलं, भांडी वाटली, आणि वाघिणीपाशी येऊन अडला. मग त्यानं काय करावं? चाकं उपसून एका वाट्यात ठेवली, आणि साटा, म्हणजे वरचा सगळा लाकडी सांगाडा, दुसऱ्या वाट्यात. पंच हसले. म्हणाले, हा काय कोंबडीचा वाटा हाय काय, तंगडी एकाले अन् मान दुसऱ्याले? जगदेवनं वाटे तसेच ठेवले. शालिग्रामनं चाकांचा वाटा उचलला आणि सुतार गाठून त्यावर नवा साटा बांधून घेतला. पुढे जगदेवनंही आपल्या साट्याला नवी चाकं लावली. झाल्या दोन वाघिणी. भावाभावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. जगदेव मेला तेव्हा शालिग्राम मसणात गेला खरा, पण लाकडं रचणाऱ्यांच्या मागे, बाभळीपाशी उभा राहिला.

जगदेव होता तोवर त्याची वाघीण गोठ्यातच पडून असायची. आता त्याचा पोरगा बबनराव कर्ता झाला होता, आणि त्यातच गावचे पाटील नानाजींनी ठरवलं की यंदा रिठदच्या पटात वाघिणीवर नारळ फोडायचा आणि मानाची म्हणून तिलाच पहिली सोडायची. मान एक आणि वाघिणी दोन. नानाजींनी दोघांनाही छकडे घेऊन पटाच्या रानात बोलावलं.

शालिग्रामला नारळाचं काही नव्हतं. त्याला ठाऊक होतं, ज्या छकड्यावर नारळ फुटेल त्याच्याच दारी पुढच्या पौषात माणसं जातील. आणि मग आपल्या ओट्यावर कोण येणार? मरण आलं तरी ते वाट विचारत येईल.

रानात ही गर्दी. लिंबाखाली नानाजी बसले. एका बाजूला बबनराव आणि डोक्यावरून पदर घेतलेली त्याची माय पंचफुला. दुसऱ्या बाजूला शालिग्राम एकटा. रामधन त्याच्याकडे उभं राहावं की मधे, या विचारात.

"साटा आमच्याकडं हाय," बबनराव म्हणाला. "चाक काय, झिजलं का बदलते. चपलीचा तळ बदलला तं माणूस बदलते काय?"

"साट्यावर माणूस बसते," शालिग्राम म्हणाला. "पळते थे चाक. बसाले तं लोक ओट्यावरई बसतात. ओट्यानं पट मारला काय कवा?"

लोक हसले. बबनरावही हसला असता, पण मायनं पाहिलं.

"काका, पट्टे तं साट्यावरच होते ना? मंग वाघीण कोणती?"

"पट्ट्यायनं वाघ होत असता तं तुह्या मायचं लुगडं डरकाळी फोडतं."

यावर पंचफुलाच पदराआड हसली, तेव्हा बबनरावचं तोंड उतरलं. रामधन म्हणाला, "पाटील, बैलायलेच इचारा. थे खोटं नाई बोलत." नानाजींनी हात वर केला. म्हणाले, "पुरे. जुना साटा अन् जुनी चाकं एकमेकायले वयखतात काय, थे पाहू. दोन्ही छकडे खोला."

चाकं उपसली. बबनरावच्या साट्याखालचा लोखंडी कणा चारचौघांनी उचलून धरला, आणि शालिग्रामनं आपल्या हातानं एक चाक त्यावर सरकवलं. कुठे ठोकावं लागलं नाही, पाचर मारावी लागली नाही. लेकरानं मायच्या कुशीत शिरावं तसं चाक आत गेलं. दुसरंही गेलं. गर्दी वाकून पाहू लागली. नानाजी खुशीत म्हणाले, "झालं तं मंग. दोघंई खरे. वाघीण दोघायची."

हे ऐकून शालिग्रामला हायसं वाटलं. अर्धी तर अर्धी. अर्ध्या वाघिणीला अर्धी माणसं तरी येतील.

तेवढ्यात पंचफुला पुढे आली. इतक्या वर्षांत ती दिराशी बोललेली नव्हती. हलक्या आवाजात, भांडण नसल्यासारखी म्हणाली, "भाऊजी, एक इचारू? वाटे करतानी यायनं चाकं अन् साटा येगयेगळे काहून ठेवले, तुमाले मालूम हाय?"

"काहून?"

"म्या इचारलं होतं. थे म्हणे, चुली दोन होऊ दे, वावर दोन होऊ दे. पट आला का चाकंवाल्याले साटा पाह्यजे अन् साटेवाल्याले चाकं. झक मारून येतीन दोघं एका जागी. त्या साली पौषात रोज ओट्यावर बसून राहेत. म्हणत, शालू येईन साटा मागाले." ती थांबली. "मंग कोणीतरी सांगतलं, का तुमी सुतार बोलावला. त्या साली हे पटाले गेलेच नाई. पुढच्या साली सुतार आणला, तोई लोकायनं लयच म्हटल्यावर."

शालिग्रामला तो पट आठवला. जिंकून छकडा थांबवल्यावर त्यानं गर्दीत दादाचं तोंड शोधलं होतं. दादा जळफळत असेल, तो पाहावा म्हणून. दिसला नव्हता. जळून घरी बसला असेल, असं तेव्हा वाटलं आणि बरंही वाटलं होतं. इतकी वर्षं ते बरं वाटणं त्यानं जपून ठेवलं होतं.

त्यानं जोडलेल्या चाकाला हात लावला, जसा परगावचे लोक लावायचे तसा.

"नानाजी," तो म्हणाला, "वाघीण दादाची लिहा तुमच्या मनात. आता चाकं खोलू नका."

"काका, दोघायची म्हणून राह्यले ना पाटील," बबनराव म्हणाला. आता त्याच्या आवाजातली अकड गेली होती.

"नाई बाप्पू. सुतार म्या आधी बोलावला."

नारळ फुटला. बबनराव छकड्यावर चढला. सुटायच्या आधी पटाची जोडी शिंगांपाशी दाबून धरायला जाणता माणूस लागतो. धुरकऱ्यानं हाळी दिली की धरणाऱ्यानं बाजूला उडी घ्यायची. वाघीण एकच होती तेव्हा हे काम जगदेवचं असे आणि धुरकरी शालिग्राम. आज बबनरावनं विचारलं, "धरता काय, काका?" शालिग्राम जाऊन उभा राहिला. बैलांचे ऊन श्वास त्याच्या छातीवर येत होते.

हाळी झाली. त्यानं सोडलं, आणि वाघीण गेली.

जन्मभर तो छकड्यावर होता. धुरकरी मागे पाहत नाही, पाहिलं तर पडतो. त्यामुळे सोडणारा माणूस मागे कसा उरतो हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. धुळीचा लोट आला, डोळे मिटावे लागले. उघडले तेव्हा सगळी गर्दी पलीकडच्या टोकाकडे धावत सुटली होती, रामधनसुद्धा. गलका झाला. कोण जिंकलं ते इथून कळत नव्हतं. दादालाही तेव्हा कळत नसणार. तोही धूळ पुसत असाच कोणी येऊन सांगेल म्हणून थांबत असेल, आणि धुरकरी तर तिकडे लोकांच्या खांद्यावर.

शालिग्राम थांबून राहिला. बऱ्याच वेळानं रान ओलांडून एक बाई चालत येताना दिसली. पंचफुला होती. जवळ येऊन म्हणाली, "मारला पट. जेवाले चाला."

"तुमी व्हा पुढं, वयनी," तो म्हणाला. "धूळ बसू द्या जराशी."

ती पुढे झाली नाही. थोडं अंतर ठेवून, त्याच्यासारखीच रिकाम्या पटाकडे तोंड करून उभी राहिली.