नाचणीत हात

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलने शहापूरला, एसटी स्टँडच्या मागे, दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि दारू सोडवणाऱ्या एका गोळीचा अभ्यास सुरू केला. मी तेव्हा बी.ए. होऊन घरात बसले होते. भातलावणीला माझा उपयोग नव्हता आणि लग्नाला माझा नकार होता, त्यामुळे घरच्यांना मी जडच झाले होते. ही नोकरी मिळाली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या आईला झाला असावा.

दारू पिणाऱ्यांच्या घरी दर पंधरवड्याला जायचं, गोळ्यांची नवी पुडी द्यायची आणि ठरलेले प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारायचे, एवढंच काम. निम्म्या माणसांना खरं औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, आत काहीच नसलेली गोळी. कुणाला कुठली, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसायचं आणि मलाही. हे सगळं समजावून सांगून, सही-अंगठा घेऊनच माणूस अभ्यासात घेतलेला असे. समजलं किती जणांना, ते देव जाणे. आणि बहुतेक सगळे माझ्याशी खोटं बोलत. ‘‘नाय बाय, वास पन नाय घेतला,’’ असं म्हणतानाच तोंडाचा भपकारा माझ्या अंगावर यायचा. मी मुळात तापट. जबाब लिहून घ्यायचे आणि परतीच्या वाटेवर मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायच्या, असं माझं चाललेलं असे.

उंबरमाळीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक पाडा आहे. तिथला एक माणूस आमच्या अभ्यासात होता. चाळिशीचा, नाचणी-वरी पिकवणारा, कामाला वाघ, बोलायला गोड आणि सकाळपासून मोहाची पिणारा. शहापूरला त्याची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी माझ्यादेखतच त्याच्या बायकोला सांगितलं होतं की लिव्हर जात आलंय, आता थांबला तर जगेल, नाही तर नाही. तिने एवढंच विचारलं, ‘‘थांबला तर नक्की ना?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘बऱ्यापैकी.’’ त्या ‘बऱ्यापैकी’वर तिने सगळं घर उभं केलं.

पहिल्या काही भेटींत हा माणूसही बाकीच्यांसारखाच खोटं बोलला. एका दुपारी मी डोंगर चढून घामाघूम झाले होते, चपलेचा अंगठा तुटला होता, आणि समोर हा झुलत झुलत सांगत होता की पंधरा दिवसांत थेंब घेतला नाही. माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, ‘‘खोटंच सांगायचं असेल तर मला एवढ्या वर कशाला चढवता? खाली हायवेवर येऊनच सांगा ना!’’ तो हसला. बायको मात्र उठली, कणगीतून टोपलीभर नाचणी काढून आणली आणि त्याच्यासमोर ठेवली. म्हणाली, ‘‘घाल हात. आता सांग बायला.’’

त्याचा चेहरा उतरला. मला काहीच कळेना, तेव्हा तिनेच सांगितलं. त्यांच्यात जमिनीचा तंटा असो की हरवलेल्या बैलाचा, माणसाने धान्यात हात घालून बोलायचं. धान्यात हात असताना खोटं बोललं तर कणसरी, म्हणजे त्यांची धान्याची देवी, घर सोडून जाते. मी तिला विचारलं, मग तूच रोज त्याला असं का विचारत नाहीस? ती म्हणाली, ‘‘माजं नाय चालत. एका कणगीतलं खानाऱ्यांनी येकमेकांना आन घालायची नाय. इचारनारा भायेरचा पायजे.’’ पाड्यातलं दुसरं कुणी चालायचं नाही, कारण बियाणं सगळे एकमेकांकडूनच नेत. सगळ्यांचं धान्य एकच धरायचे. विचारायला बाहेरची अशी मी एकटीच होते.

त्या दिवशी त्याने टोपलीत हात घातला आणि खरं सांगितलं. रोज प्यायलो म्हणाला. पुढच्या पंधरवड्याला मी गेले तेव्हा टोपली आधीच मांडलेली होती. तो हळू आवाजात म्हणाला, तीनचारदा. त्याच्या पुढच्या वेळी, एकदा. आणि मग एक दिवस तो स्वतःच मनगटापर्यंत हात खुपसून म्हणाला, ‘‘नाय पिलो. इचारा बाय, काय इचारायचं ते सगलं इचारा.’’ वास नव्हता, हातही थरथरत नव्हता. त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. मी खाली मान घालून प्रश्न वाचत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि फॉर्म ओला झाला असता तर तोच परत लिहावा लागला असता.

त्या घरात मला काळा चहा मिळायचा, पण त्यांच्या कणगीतल्या धान्याची भाकरी कधी मिळाली नाही. डोंगरातल्या घरात दुपारी आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं म्हणजे त्यांना किती लाज! एकदा मी भुकेने कासावीस होऊन चुलीकडे बघत होते, तर तिने झटकन ताट झाकलं आणि स्वतःच ओशाळली. आपण कुठल्या तरी मोठ्या गोष्टीत आहोत, असं मला त्या उपाशीपणी वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

मुंबईचे मोठे डॉक्टर महिन्याच्या फेरीला आले तेव्हा मी त्यांना टोपलीचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. चांगला माणूस होता, उगाच नावं ठेवणार नाही. मग म्हणाले, ‘‘बाई, सगळ्या घरांत प्रश्न सारख्याच पद्धतीने विचारले गेले पाहिजेत. इथे टोपली आणि तिथे नाही, असं झालं तर गोळीने काय केलं आणि टोपलीने काय केलं, हे आपल्याला कसं कळणार?’’ मी म्हणाले, मग टोपलीचाच अभ्यास करा की! ते हसले. ‘‘परवानगी गोळीच्या अभ्यासाची आहे. आता थोड्याच भेटी उरल्यात, तुम्ही सुरू केलंच आहे तर पूर्ण करा.’’ त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

भेटी संपल्या. शेवटच्या भेटीत तो ठणठणीत होता. पोट उतरलं होतं, डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता, अंगणात नवीन मांडव घातला होता. मी शेवटचा प्रश्न विचारून फॉर्म मिटला तशी त्याची बायको म्हणाली, ‘‘झालं ना गो बाय तुजं काम? आता तरी जेव.’’ त्यानेच पाट मांडला. नाचणीची गरम भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा. इतक्या दिवसांची भूक होती, मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. ती तिसरी वाढायला लागली तेव्हा तो तिला म्हणाला, ‘‘वाढ, वाढ, तिनं आपल्यापायी लय उपास काढलंत.’’ आम्ही तिघंही हसलो. त्या जेवणाने आपण काय घालवतोय, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शहापूरच्या खोल्या रिकाम्या झाल्या. फॉर्मची खोकी टेम्पोत घालून मुंबईला गेली. मला मुरबाडला एका बालवाडीत काम मिळालं. पुढे कुणाला कुठली गोळी दिली याची मोहोरबंद यादी उघडली तेव्हा कळलं की त्या माणसाच्या वाट्याला आत काही नसलेलीच गोळी होती. मला त्याचं नवल वाटलं नाही.

शिमगा होऊन गेला आणि एक दिवस त्याची बायको मुरबाडला, बालवाडीच्या दारात उभी. दोन एसट्या बदलून आली होती. म्हणाली, ‘‘पोरांचा बापूस परत प्यायला लागला. शिमग्याला येक घोट घेतला नि मंग सुटलाच. बाय, येकडाव येऊन इचारा. तुमी इचारलं की थांबतो तो.’’ मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तिच्याबरोबर निघाले. वाटेत ती भराभर चालत होती आणि मीही. आम्हा दोघींना खरोखर वाटत होतं की हे जमणार आहे.

तो ओट्यावर बसला होता. पोट पुन्हा वर आलं होतं. मला बघून त्याला मनापासून आनंद झाला. बायकोने टोपली आणून ठेवली. त्याने टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, ‘‘आता कसं चालंल? बायनं आपली भाकर खाल्ली. ती आता घरची झाली.’’

मी म्हणाले, दोन भाकऱ्यांनी काय होतंय, मी शहापूरची, माझी जात वेगळी, कणगी वेगळी. मी चिडले, त्याला दरडावलं, शेवटी हातसुद्धा जोडले. तो ऐकून घेत होता. टोपलीवरचं पाखरू त्याने हलकेच उडवलं, पण हात आत घातला नाही. बायको चुलीपाशी जाऊन बसली. तिने तेवढ्यात तोंडावर दोनदा हात मारून घेतला, तो आवाज मला अजून आठवतो.

मी सहजासहजी हार मानणारी नव्हते. खालच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या हातापाया पडून त्यांना एकदा वर नेलं. त्यांच्यासमोर त्याने हात घातला आणि खरं ते सांगितलं, ‘‘काल पिलो, आज पन पिलो.’’ नर्सबाई बऱ्या होत्या, पण त्यांच्याकडे कितीतरी पाडे होते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची बदली झाली. नुसत्या आणेने त्याची दारू सुटली नव्हती. पंधरा दिवसांनी विचारणारं माणूस परत डोंगर चढून येणार आहे, या भरवशावर तो थांबला होता. तसं माणूस मला पुन्हा मिळालं नाही. भाद्रपदात तो गेला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी डॉक्टरांनी अभ्यासाचा छापील अहवाल मला मुरबाडच्या पत्त्यावर आठवणीने पाठवला. तो पिशवीत टाकून मी पाड्यावर गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. घरी ठेववत नव्हता एवढं खरं. त्याची बायको नाचणी पाखडत होती. तिने अहवाल हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, ‘‘यात पोरांच्या बापसाचं काय लिवलंय?’’

नाव कुणाचंच नव्हतं. पण अभ्यास संपला त्या दिवसापर्यंतचाच हिशोब त्यात धरलेला होता, त्यामुळे तो कुठल्या रकान्यात असणार हे मला माहीत होतं. मी म्हणाले, ‘‘दारू सुटली, असं लिहिलंय.’’

अहवाल माझ्या हातात परत देत ती म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ द्या तसंच. त्या डाक्टरांना नका सांगू.’’